धनुर्मासातला धूर

त्या हिवाळ्याबद्दल मी आत्ताआत्तापर्यंत कुणाशी मोकळेपणानं बोलले नव्हते, कारण त्या हिवाळ्यात मी फार आनंदात होते आणि तो आनंद मला शोभणारा नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, श्वास घेता येत नव्हता. उशांना टेकून ती बसून असायची आणि तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची, दाराच्या फटीतून वारा शिरताना वाजते तशी. त्या शिट्टीच्या शेजारी, पांघरुणात गुरफटून, मी बेंगळूरची स्वप्नं बघत असे. एवढी चार वाक्यं कागदावर यायला माझी पन्नाशी उलटावी लागली. आता लिहायला बसलेच आहे तर काही मागं ठेवत नाही.

आमचं गाव बेंगळूरच्या उत्तरेला, यशवंतपूरहून सकाळची बस धरली तर जेवायच्या वेळेला पोचावं इतक्या अंतरावर. चारी अंगांना उघड्या काळ्या खडकांच्या टेकड्या, त्यांच्यामध्ये वाटीच्या तळाशी बसावं तसं गाव, आणि गावाच्या पूर्वेला तळं. पश्चिमेच्या दोन टेकड्यांमध्ये एक खिंड होती; बाहेरचं जे काही यायचं, रस्ता, पाऊस, सोयरे, ते त्या खिंडीतून. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड आणि रेशमाच्या गल्लीत दखनी उर्दू, अशा तीन भाषा आम्ही लहानपणीच शिकलो, आणि तिन्हींतून भांडायला येत होतं.

कारण आमचा धंदा रेशमाचा. पुढं दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर आणि मागं लांबलचक शेड, तिथं ओळीनं चुली. प्रत्येक चुलीवर पाण्याची कढई, कढईत उकळणारे पांढरे-पिवळे कोष, आणि समोर बसलेली बाई, जी त्या उकळत्या पाण्यातून कोषाच्या धाग्याचं टोक बोटांनी शोधून काढायची आणि चरख्यावर चढवायची. चरख्यांचा घर्रर्र आवाज हा आमच्या घराचा श्वासच होता, तो थांबला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "काय झालं ग?" बायकांची बोटं पांढरी पडलेली, सुरकुतलेली, आणि तोंडं मात्र अखंड चालू. कुणाची सून, कुणाचा नवरा, कुणाच्या घरी कसलं सांबार, सगळं त्या वाफेतून ऐकू यायचं. जळण म्हणून चिंचेची लाकडं आणि शेंगांची टरफलं. आणि सगळ्यावर तो वास, उकडलेल्या किड्यांचा, गोडसर आणि कुजका. आम्हाला तो यायचाच नाही. पुढं बेंगळूरच्या शाळेत पहिल्या दिवशी शेजारच्या मुलीनं बाक सरकवला, तेव्हा मला कळलं की आपल्याला वास आहे.

आमच्या गावात ऋतू नाकानं ओळखावे लागायचे. उन्हाळ्यात खडक तापायचे, त्यांच्यावरून गरम वारा वर उसळायचा आणि गल्लीतल्या सगळ्या धुराड्यांचा धूर त्याच्यामागं सरळ आकाशात निघून जायचा. पावसाळ्यात खिंडीतून पश्चिमेचा वारा असा घुसायचा की धूर आणि वास दोन्ही तळ्यापलीकडच्या शेतांवर जाऊन पडत. तिकडचे लोक बाजारात भेटले की म्हणायचे, तुमच्यामुळं आमच्या दह्याला किड्यांचा वास लागतो. आणि हिवाळ्यात वाराच पडायचा. पहाटे तळ्यावरून, गल्लीतून, घरांच्या पायऱ्यांवरून राखाडी पांढरं काहीतरी पसरून बसलेलं असायचं. आम्ही त्याला धुकं म्हणायचो. छान वाटायचं आम्हाला. शाळेत जाताना मुलं त्यात लपायची.

हिवाळा तसा लाडकाच होता. अवरेकाई यायची, म्हणजे पावट्याच्या हिरव्या शेंगा, आणि दव जितकं जास्त तितका त्यांना घमघमाट जास्त, असं सगळेच म्हणायचे. शेंगा सोलून दाणे भिजत टाकायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनी ताटाभोवती बसून एकेक दाणा चिमटीत दाबायचा, म्हणजे साल हातात राहते आणि आतली डाळ सुळकन बाहेर उडते. नेम धरून ती अप्पांच्या वर्तमानपत्रावर मारायची ही आमची शर्यत. शाल, कानटोपी, मफलर, सगळ्यात गुंडाळलेली अक्का एका कोपऱ्यात बसून न चुकता अप्पांच्या चष्म्यावर मारायची. "वत्सले!" अप्पा ओरडायचे. "मी नाही अप्पा, थंडीनं हात कापतो," ती म्हणायची आणि हसायला जायची आणि मग खोकल्याची उबळ यायची, आणि सगळ्यांचे हात ताटात तसेच थांबायचे.

आता अप्पांचं म्हणणं सांगते, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की मुलीला धुरापासून लांब ठेवा. अप्पांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टरसाहेब, माझ्या चुली बारा महिने पेटतात. लाकूड तेच, धूर तोच. उन्हाळ्यात ही पोरगी तळ्याला पळत जाऊन येते. पावसाळ्यात हिला साधी शिंक येत नाही. मग धुराचा दोष कसा? दोष थंडीचा." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि इंजेक्शन लिहून दिलं. अप्पांच्या बोलण्यात चूक कुठं होती हे त्यांनाही सांगता आलं नाही, आम्हालाही नाही. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी मनापासून, थंडीशी लढाई सुरू केली. घरातली सगळ्यात ऊबदार खोली कुठली? चुलींच्या भिंतीला लागून असलेली. अक्काची खाट तिथं नेली. खिडक्यांच्या फटींत गोणपाटं कोंबली. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. आई दर थोड्या वेळानं भिंतीला हात लावून बघायची आणि समाधानानं म्हणायची, "छान गरम आहे हो." इतक्या मायेनं आम्ही तिला धुराच्या मुठीत नेऊन निजवलं. मी आज भूगोल शिकवते, थंड हवा वाटीत कशी साचते ते दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. वर्गातल्या एकाही मुलीला मी त्या खोलीबद्दल सांगितलेलं नाही.

त्या वर्षी अक्काचं इतकं बिघडलं की आईनं बेंगळूरला तिच्या बहिणीला निरोप धाडला. मावशी मल्लेश्वरमला राहायची, काकांची सरकारी नोकरी, मूलबाळ नव्हतं. ती आली ती दारातच नाकाला पदर लावून. "अय्यो, या वासात तुम्ही जेवता कसे?" म्हणत तिनं पिशवीतून बन आणि संत्री काढली आणि अक्काच्या खाटेवर बसून निकाल दिला. "संक्रांत झाली की वत्सलेला मी नेते. माझ्याकडं झाडं आहेत, मोकळी हवा आहे, कोपऱ्यावर शाळा आहे. कायमचीच राहू दे."

"मला कुणी विचारणार आहे का?" अक्कानं विचारलं.

"तुला काय विचारायचं? तुला उत्तर द्यायला दम तरी आहे का?"

"भांडायपुरता आहे," अक्का म्हणाली आणि ते सिद्ध करायला दोन वाक्यं जास्त बोलली, आणि त्याची किंमत म्हणून बराच वेळ धापा टाकत राहिली. आई पदरानं डोळे पुसत होती. अप्पा उंबऱ्यात उभे होते. त्यांनी फक्त "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हटलं आणि शेडमध्ये निघून गेले. मुलगी जाणार हे ठरलं.

आणि मी? मावशी जेवताना त्या शाळेचं वर्णन करत होती. प्रयोगशाळा, काचेच्या कपाटातली पुस्तकं, रस्त्यावर पडलेली संपिगेची, म्हणजे सोनचाफ्याची, फुलं, वळणावळणाला दुकानं. माझा घास हातात तसाच. अक्काला पुस्तकांची माझ्याएवढीच आवड होती हे मला ठाऊक होतं. तरी मला तिचा असा हेवा वाटला की त्या दिवशी झोपताना मी मुद्दाम तोंड उघडं ठेवून, घशातून शिट्टी काढून बघितली. मला दमा का नाही, असं मनात आलं. हे मी कुठल्याही देवापुढं कबूल केलेलं नाही.

मग धनुर्मास लागला. आमच्याकडं त्या महिन्यात सूर्य उगवायच्या आत देवाची पूजा. टेकडीवरच्या आंजनेयाला रोज अंधारातच आरती आणि मग प्रत्येकाच्या हातावर केळीच्या पानाचा तुकडा आणि त्यावर वाफाळणारी हुग्गी, म्हणजे मुगाची डाळ आणि तांदूळ, भरपूर मिरी, आलं आणि वरून तूप. सगळं गाव अंधारात उठलेलं असायचं, त्यामुळं चुलीही लवकर पेटायच्या. माणसं जागी आहेत तर धंदा का झोपू द्यायचा? अक्का कित्येक वर्षांत वर गेली नव्हती. एका पहाटे ती खाटेवरून उतरली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन आईपुढं उभी राहिली.

"मी बेंगळूरला चाललेच आहे. एकदा वर जाऊन हुग्गी खाऊन येते."

"वेडी का ग तू? या थंडीत? अप्पांना कळलं तर?"

"अप्पा शेडमध्ये आहेत. सुमीला घेऊन जाते. नाहीतर मी एकटी जाईन."

आईनं तिच्याकडं बघितलं. काय दिसलं तिला कोण जाणे, तिनं स्वतःच्या अंगावरची शाल काढली, अक्काभोवती गुंडाळली, कानटोपीची नाडी हनुवटीखाली घट्ट बांधली आणि माझ्या खांद्याला चिमटा काढून म्हणाली, "हात सोडू नकोस."

गल्लीतला तो पहिला तुकडा मी विसरलेली नाही. दोन्ही बाजूंच्या शेडांमधून लालसर उजेड, चरखे लागलेले, आणि त्या उजेडात ते आमचं लाडकं धुकं जमिनीवरून सरकत होतं. अक्का दहा पावलं टाकायची आणि थांबायची. पायथ्याच्या मोडक्या मंडपापाशी ती बसलीच. तोंड उघडं, खांदे कानांपर्यंत वर आलेले, आणि ती शिट्टी आता इतकी जोरात की पायऱ्यांवरून जाणाऱ्या बायका वळून बघत होत्या. कंदिलाच्या उजेडात मला तिचे ओठ निळे पडलेले दिसले. "अक्का, घरी जाऊ," मी रडायला लागले. "मी अप्पांना बोलावते." तिनं माझं मनगट धरलं. बोलता येत नव्हतं. तिनं दुसऱ्या हातानं वर बोट दाखवलं. मी नको नको म्हणत राहिले आणि ती बोट दाखवत राहिली. शेवटी मीच तिच्या बगलेत खांदा घातला. एक पायरी. थांबायचं. परत एक.

किती पायऱ्या चढलो कुणास ठाऊक. मला आधी कळलं ते वेगळंच. मला गरम व्हायला लागलं. वाटलं, अक्काचं ओझं आहे म्हणून. पण गालाला लागणारी हवाच मऊ झाली होती. वर जावं तशी थंडी वाढायला हवी आणि इथं उलटंच! मी स्वेटरचं बटण सोडलं. शेजारी अक्कानं स्वतःहून कानटोपी काढली. मग ती थांबली, आणि मी घाबरून तिच्या तोंडाकडं बघितलं, तर ती कान देऊन काहीतरी ऐकत होती.

"सुमे," ती म्हणाली. पूर्ण शब्द, एका दमात. "सुमे, वाजत नाहीये."

मी तिच्या छातीला कान लावला. आत कुठंतरी अजून घरघर होती, पण ती शिट्टी नव्हती. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिलो, आणि मग काय झालं सांगू, आम्ही हसायलाच लागलो, तोंडावर हात दाबून, वेड्यासारख्या, देवळातून घंटा ऐकू येत होती आणि जाणारे-येणारे लोक म्हणत होते काय झालं या पोरींना. अक्कानं हवा अशी घेतली जशी उन्हातून आलेलं माणूस तांब्यानं पाणी पितं, गटागटा. परत घेतली. परत. "गोड आहे ग," ती म्हणाली.

हुग्गी खाऊन आम्ही खडकाच्या कडेला बसलो आणि उजाडलं. खाली गाव नव्हतंच! वाटी काठोकाठ नव्हे, अर्धी भरलेली होती, दुधावर साय धरावी तशी एक राखाडी, सपाट साय, टेकडीपासून टेकडीपर्यंत. कडेच्या टेकड्या तिच्यातून बेटांसारख्या वर आलेल्या. तिच्यातून फक्त नारळीचे काही शेंडे आणि धुराड्यांची टोकं बाहेर. एकेका धुराड्याचा धूर दोरीसारखा सरळ वर यायचा आणि ठराविक उंचीवर छताला डोकं आपटावं तसा वाकायचा, आडवा पसरायचा, सायीत मिसळून जायचा. आम्ही वरून ते बघत होतो. पहिल्यांदा अक्कानंच ओळखलं. "ते धुकं नाही, सुमे. ते आपलंच आहे. बघ, ते आपलं धुराडं, वाकड्या टोपीचं! धूर तोच आहे ग, पण थंडीत त्याला जायला वाटच नाही!" ती ओरडून बोलत होती, ओरडता येतं म्हणून ओरडत होती. मग ऊन खडकांवर आलं, आणि हळूहळू ती साय हलायला लागली, तिला भोकं पडली, भोकांतून लाल कौलं दिसली, आणि बघता बघता सगळं वर उचललं गेलं आणि विरलं. हिवाळ्यातही दुपारी अक्काला थोडं बरं का वाटायचं, तेही कळलं. सगळंच कळलं! अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या मांडीवर येऊन पडलं होतं.

आम्ही उतरलो. अक्का हळूहळू, मी उड्या मारत. आता इथं थांबून खरं लिहायला हवं. पहिल्या काही पायऱ्या मी तिच्यासाठी उड्या मारल्या. ती मरणार नाही, तिला कुठं जायला नको, असंच मनात होतं. मग कुठल्याशा वळणावर विचार आला: अक्का गेली नाही, तर मावशीकडची जागा मोकळी. त्यानंतर माझे पाय जमिनीला लागलेच नाहीत. खाली पोचले तेव्हा मी अक्कापेक्षा दोन वळणं पुढं होते. आईनं सांगितलेला हात मी कधी सोडला, ते मला कळलंसुद्धा नाही.

अप्पा आधी चिडले, मग हसले. "धूर छताला आपटतो? आकाशाला छत कुठून आलं ग?" अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उद्या वर जाऊन बघा. तुमच्या चुलीत काय जळतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या धुराड्यातून काय निघतं ते तुम्ही कधी बघितलंय?" दुसऱ्या पहाटे अप्पा एकटे गेले. परतले ते शेडकडं वळले नाहीत. सरळ अक्काच्या खोलीत गेले आणि खिडक्यांमधली गोणपाटं दोन्ही हातांनी उपटायला लागले. एक, दोन, तिसरं अडकलं होतं ते दातओठ खाऊन ओढलं. खाट त्यांनी आणि आईनं उचलून पुढच्या खोलीत आणली. मग ते खाटेच्या कडेवर बसले आणि अक्काचं पाऊल हातात धरलं. "थंड आहे पाय," एवढंच म्हणाले.

पण एका घराच्या चुली विझवून काय होणार? वाटी सगळ्यांची एकच. अप्पांनी डोकं चालवलं. त्यांनी आंजनेयाला एका दिवसाची सेवा, म्हणजे आपल्या खर्चानं पूजा आणि प्रसाद, बोलली आणि गल्लीतल्या सगळ्या रेशीमवाल्यांना हुग्गीला वर बोलावलं. प्रसादाला नाही कोण म्हणणार? सगळ्यात जास्त कढया दस्तगीर साहेबांच्या. तेही आले, टेकडीच्या दुसऱ्या अंगाला त्यांचा दर्गा होता, म्हणाले दोन्हीकडं हजेरी लावतो. ती मिरवणूक बघायला हवी होती! जाडजूड माणसं, गळ्यात मफलर, प्रत्येक मंडपाला बसून अप्पांना शिव्या घालणारी. आणि वर पोचल्यावर, उजाडल्यावर, खडकाच्या कडेला हातात हुग्गी घेऊन सगळे ओळीनं उभे राहिले. मग दस्तगीर साहेबांनी बोट उचललं.

"सेठ, वो मोटा धुआँ किसका जी?"

"तुमचाच," अप्पा म्हणाले.

"हमाराच?" ते वाकून बघायला लागले. "अल्ला! हम रोज येइच खाते बैठे?"

मग जो गोंधळ झाला! ते माझं नाही, ते तुझं, तुझ्या टरफलांचा धूर काळा, माझा पांढरा, तू ओलं लाकूड जाळतोस, तुझा बाप जाळायचा. कुणी म्हणालं, चुली उशिरा पेटवायच्या तर बायका काय माशा मारणार? कुणी म्हणालं, सूत बाजारात कधी पोचणार? या गर्दीत अक्का पुढं झाली. सगळ्यांना ती ठाऊक होती, गल्लीतली आजारी मुलगी, जिची शिट्टी रस्त्यावर ऐकू यायची. ती म्हणाली, "मी इथं बोलतेय ते ऐकू येतंय ना सगळ्यांना? खाली मी एवढं बोलू शकत नाही." बस्स, एवढंच. दस्तगीर साहेबांनी पानाचा तुकडा चाटून पुसून साफ केला आणि म्हणाले, "बेटी का इतनाच बोलना काफी है. धूप आने के बाद जलाएँगे."

ठरलं ते असं: हिवाळाभर, तळ्याच्या पाण्यावर ऊन पडेपर्यंत कुणीही चूल पेटवायची नाही, काम संध्याकाळी तेवढं पुढं ढकलायचं. लबाडी व्हायची, नाही असं नाही. पण धनुर्मासात पहाटे वर जाणारी माणसं खडकावरून गल्लीकडं बघूनच उतरायची, आणि कुणाचं धुराडं चालू आहे ते नाव घेऊन ओरडत यायची. देवाला जाऊन आलेल्या माणसांशी भांडणार कोण? पहाट स्वच्छ झाली. अवरेकाईचा वास गल्लीत पहिल्यांदाच एवढा आला, म्हणाली आई. आधी तो धुरात बुडायचा. अक्का बरी झाली नाही, पण आडवी झोपायला लागली. आम्हाला तेवढं पुरत होतं.

संक्रांतीला मावशी आली तेव्हा अक्का अंगणात रांगोळी काढत होती. सगळं ऐकून मावशीचा चेहरा पडला. तिनं खोली झाडून ठेवली होती, शाळेत बोलून ठेवलं होतं, नवी गादी केली होती. "मग आता?" ती म्हणाली. आई, अप्पा, अक्का, कुणीच काही बोलायच्या आत मी म्हणाले, "मी येते." इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेडमधला एक चरखा थांबला. अक्का रांगोळीची चिमूट बोटांत धरून माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. तीळगूळ खायच्या आत माझी पिशवी भरलेली होती.

मी शिकले, नोकरीला लागले, मल्लेश्वरमचीच झाले. अक्का शाळा संपवून अप्पांच्या शेडमध्ये बसली आणि पुढं सगळा धंदा तिनंच सांभाळला, लग्न गावातच. लाकडाच्या चुली जाऊन वाफेचे बॉयलर आले, ते आणणाऱ्यांत ती पहिली. आता तिथं खडी फोडायची यंत्रं आहेत, खिंडीतून ट्रक येतात, आणि वाटी आहे तशीच आहे; हिवाळ्यात जे पडेल ते साठवते. माझ्या फोनवर बेंगळूरच्या हवेचा आकडा रोज दिसतो. आमच्या गावाचा दिसत नाही.

गेल्या महिन्यात अक्का आली होती. बेंगळूरची सगळी झाडं फुललेली, त्यामुळं आल्यापासून शिंकत होती. इंदिरानगरच्या ऑफिसमधून माझ्या मुलाचा फोन, "आई, अक्कामावशीला बाहेर नेऊ नकोस, आज आकडा वाईट आहे."

"आकडा बघून श्वास घ्यायचा होय रे?" अक्कानं फोनवरच त्याला विचारलं आणि नाक पुसलं. "इथली मोकळी हवा म्हणून मला आणणार होते! बघ सुमे, काय मोकळी आहे."

तिच्या त्या हसण्यानं मला काय झालं कुणास ठाऊक. कॉफीचा पेला ठेवला आणि सांगून टाकलं. हेवा सांगितला, घशातून काढलेली शिट्टी सांगितली, टेकडी उतरताना कुठल्या वळणावर काय मनात आलं ते सांगितलं. ती ऐकत होती.

"मला ठाऊक होतं की," ती म्हणाली. "तू एवढ्या उड्या मारत होतीस. माझ्यासाठी कोण एवढ्या उड्या मारतं?"

"तुला यायचं होतं ना इथं?"

"होतं की. शाळा होती ना कोपऱ्यावर." तिनं ते इतक्या साधेपणानं म्हटलं की माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना. मग तिनंच विचारलं, "एक सांग. वर बसलो होतो, सगळं दिसलं, तेव्हा तुझ्या आनंदात मी होते का नाही?"

खोटं बोलायची सवय मोडायचीच होती. "वर होतीस," मी म्हणाले. "खाली येताना नव्हतीस."

अक्कानं पेला उचलला, निवलेली कॉफी एका दमात पिऊन टाकली.

"मग झालं की," ती म्हणाली. "वरचं माझं, खालचं तुझं."